दहा रुपयांची भवानी

"भैरू, काच झाली असंल तर पायरीवर बस जरा. पैशे मागू नकोस. भवानी व्हायची हाय अजून."

पारिसअण्णा उपाध्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्याच कापडदुकानातल्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. मी काच पुसली होती सकाळी साडेनवाला. म्हणजे पावणेतीन तास मी पन्नास रुपयांसाठी गल्लीत घिरट्या घालत होतो, आणि अण्णा गल्ल्यावर हात ठेवून रस्त्याकडं बघत बसले होते. बघायला काच मात्र झकास होती. पलीकडच्या बाजूनं जाणाऱ्या म्हशीची शेपटीसुद्धा आतून स्वच्छ दिसत होती. फक्त गिऱ्हाईक दिसत नव्हतं.

ही दोन हजार नऊची गोष्ट. राजारामपुरीतल्या एका गल्लीत मी दुकानांच्या काचा पुसायचो. नोकरी नव्हे, स्वतःचा धंदा. एक सायकल, एक शिडी, बादली, वायपर आणि जुन्या धोतराची फडकी, एवढं माझं भांडवल. त्याआधी सहा वर्षं फौंड्रीत वाळू उपसली होती. घरी आलो की नाकातून काळं निघायचं. एकदा गंमत म्हणून एका ओळखीच्याच्या दुकानाची काच पुसून दिली आणि मला ते काम आवडलं. घाण होती, हात फिरवला, गेली. फौंड्रीत सहा वर्षांत असं समाधान एक दिवस मिळालं नव्हतं. मी नोकरी सोडली, आणि बायको शालन माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

गल्लीची पूर्वेची बाजू माझी, पश्चिमेची दस्तगीर मुजावरची. तोही माझ्यासारखाच एकटा. बरे दिवस होते तेव्हा मला दिवसाला अडीचशे-पावणेतीनशे सहज सुटायचे. मग मंदी आली. पेपरात ती अमेरिकेतनं आली असं छापून यायचं. आमच्याकडं ती फौंड्रीतनं आली. तीन पाळ्यांची एक पाळी झाली, आणि शनिवारी पगार घेऊन राजारामपुरीत फिरणारी माणसं घरात बसली. दुकानदार खर्च कमी करायला लागला की आधी नोकर काढत नाही, आधी दिवे कमी करत नाही. आधी काच पुसणारा बंद करतो. माझी आठ दुकानं होती, त्यातली दोन गेली. सहा राहिली. अण्णांचे पन्नास आणि बाकीच्या पाचांचे पंचवीस-पंचवीस, सगळे मिळाले तर पावणेदोनशे.

पण मिळायचे कुठले? आमच्याकडं पहिली विक्री झाल्याशिवाय दुकानदार गल्ल्यातला पैसा बाहेर काढत नाही. पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीआधी लक्ष्मी बाहेर गेली की दिवसभर परत येत नाही अशी समजूत आहे, आणि ती गिऱ्हाइकापेक्षा पक्की आहे. पूर्वी दहा-साडेदहाला सगळ्यांच्या भवान्या व्हायच्या, अकराला मी पैसे गोळा करून मोकळा. आता भवानी व्हायला तीन वाजायचे, चार वाजायचे. कधी व्हायचीच नाही. भवानी नाही तर पैसे नाहीत, आणि कालचे आज मागायचे नाहीत, असा गल्लीचा न लिहिलेला कायदा होता. त्यामुळं कधी सत्तर, कधी शंभर, एके दिवशी तर पंचवीस रुपये घेऊन मी घरी गेलो.

त्या दिवशी शालननं ते पंचवीस रुपये डब्यात टाकले आणि म्हणाली, "दादा काल येऊन गेला."

दादा म्हणजे तिचा भाऊ विलास. इचलकरंजीत सुताच्या वखारीवर कामाला. त्यानं माझ्यासाठी तिथं रखवालदाराची जागा धरून ठेवली होती. महिना साडेतीन हजार आणि राहायला एक खोली.

"बारा तास स्टुलावर बसायचं," मी म्हणालो. "मला न्हाई जमायचं ते."

"मग जमतंय काय ते तरी सांगा. दिवसाला दीडशे आणून दाखवा. पंधरा दिवस, रोज. त्या वखारीपेक्षा चार पैशे जास्तच हुतील. मग मी दादाला न्हाई म्हणून सांगीन. पण एक दिवस जरी कमी पडला, तरी चंबूगबाळं उचलायचं. कबूल?"

कबूल म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिचं चूक काहीच नव्हतं. डब्यात हात घालायची पाळी रोज तिच्यावर यायची, माझ्यावर नाही.

तर वर सांगितलेला सव्वाबाराचा प्रसंग त्या पंधरा दिवसांतल्या पहिल्याच दिवसाचा. खिशात दोन दुकानांचे पन्नास रुपये, चार दुकानं राहिलेली, आणि चारांपैकी एकाचीही भवानी नाही. मी पायरीवर बसलो. एक वाजला. समोरून एक बाई आली, काचेसमोर थांबली, मी जीव मुठीत धरला. तिनं काचेत बघून केस सारखे केले आणि गेली. मला कधी नव्हे ते माझ्या कामाचा राग आला. एवढी लख्ख काच नसती तर कदाचित आत तरी गेली असती.

मग मी उठलो आणि आत गेलो.

"अण्णा, एक रुमाल द्या."

"कुणाला?"

"मला. घाम लई येतोय."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग काउंटरखालून रुमालांची थप्पी काढली, एक घडी पुढं सरकवली आणि "दहा" म्हणाले. मी दहाची नोट दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, वडिलांच्या फोटोपुढं धरली, गल्ल्यात टाकली. आणि त्याच गल्ल्यातून पन्नासची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

दहा देऊन पन्नास मिळाले. मग मी थांबतोय कशाला? पुढच्या चपलांच्या दुकानात बुटाच्या नाड्या घेतल्या, पाच रुपये. वहीपुस्तकांच्या दुकानात तीन रुपयांची रिफिल. बांगड्यांच्या दुकानात पाच रुपयांचं हेअरपिनांचं एक कार्ड. चष्मेवाला आणि घड्याळवाला यांच्या भवान्या दुरुस्तीवर कधी ना कधी व्हायच्याच. संध्याकाळी हिशेब केला. पावणेदोनशेतून तेवीस गेले, राहिले एकशे बावन्न. दुसऱ्या दिवशीच्या भवान्यांसाठी लागणारे तेवीस मी शर्टाच्या आतल्या खिशात वेगळे ठेवायचो. पहिल्या संध्याकाळी ते दस्तगीरकडून घेतले आणि रोज दोन-दोन करून फेडले.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला बघून गल्ल्यावरून अर्धे उठलेच. "ये गा भैरू. आधी रुमाल घे, मग काच पूस. काल तू गेलास आणि तासाभरात बस्त्याचं गिऱ्हाईक आलं. तुझ्या हाताला गुण हाय."

हे त्यांनी चपलवाल्याला सांगितलं, चपलवाल्यानं पुढं सांगितलं. दोन दिवसांत माझी बाजू माझी वाट बघायला लागली. सकाळी मी बादली घेऊन दिसलो की आधी "भैरू, इकडं" अशी हाक यायची. लोकांनी मला काच पुसण्याबद्दल कधी एवढा मान दिला नव्हता जेवढा दहाचा रुमाल घेण्याबद्दल दिला. मीही थोडा फुगलो, खोटं कशाला बोलू. नोट देताना उजवा हात जरा पुढं करायला लागलो.

शालनला रोज एकशे पन्नास किंवा बावन्न मिळत होते. ती मोजायची आणि डब्यात टाकायची. मी तिला रुमालांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हे कसलं कमावणं, आपल्याच पैशानं आपलीच भवानी. घेतलेला माल मी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकत होतो.

तेराव्या दिवशी मी शर्ट बदलला.

एवढीच चूक. पण आमच्यासारख्याच माणसाच्या हातून होणारी. आदल्या दिवशी शिडीवरून साबणाचं पाणी अंगावर सांडलं होतं, म्हणून तो शर्ट धुवायला टाकला आणि दुसरा घालून आलो. गल्लीत आल्यावर आतल्या खिशात हात घातला तर खिसाच नव्हता. तेवीस रुपये घरी, शालनच्या धुण्याच्या ढिगात.

अण्णा वाट बघत होते. मी म्हणालो, "अण्णा, आजचा रुमाल लिहून ठेवा. संध्याकाळी देतो."

अण्णांचा चेहरा असा झाला, जणू मी देवळात चपला घालून गेलोय. "भवानी उधारीवर?"

"एक दिवस."

"शहाणा हाईस काय? माझ्या बापानं साठ वर्षांत असं केलं न्हाई. त्यापेक्षा दुकान बंद ठेवीन."

चपलवाला, वहीवाला, बांगडीवाला, सगळ्यांचं तेच. चष्मेवाल्याकडं आणि घड्याळवाल्याकडं गेलो, त्यांच्या भवान्या झाल्या नव्हत्या. शेवटी रस्ता ओलांडून दस्तगीरकडं गेलो. तो शिडीवर होता.

"दस्तगीर, दहा रुपये दे. अर्ध्या तासात परत देतो."

"दिले असते रं," तो वरूनच म्हणाला. "पण माझीच भवानी व्हायची हाय अजून."

"तुझी कसली भवानी? तुझं काय दुकान हाय?"

"दुकान नसंल. पण धंदा हाय न्हवं? पहिला पैसा आत आल्याबिगर बाहेर काढायचा न्हाई, असं अब्बा सांगायचे." आणि तो पुन्हा वायपर ओढायला लागला. बारा दिवसांपूर्वी त्यानं मला तेवीस दिले ते संध्याकाळी, हे माझ्या लक्षात आलं.

सगळ्या गल्लीच्या भवान्या सोडवत फिरणारा मी, आणि माझ्याकडं दहा रुपये नव्हते. घरी जाऊन यावं तर सायकलनं जाऊन-येऊन दीड तास, आणि शालनला काय सांगायचं? मी अण्णांच्या पायरीवर येऊन बसलो. दोनच दिवस राहिले होते. दीडशे झाले नाहीत तर रविवारी विलास येणार आणि सोमवारी मी स्टुलावर. मला खरंच रडू यायला लागलं होतं. हसेल कुणी, पण मला ती सहा काचांची बाजू सोडायची नव्हती.

साडेअकराला रस्त्याच्या टोकाला शालन दिसली. ती या गल्लीत आजवर कधी आली नव्हती. हातात कापडी पिशवी, चालण्यात जोर. मी उठून उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं, सरळ पायऱ्या चढली आणि पिशवी अण्णांच्या काउंटरवर पालथी केली. बारा रुमाल. बुटाच्या नाड्यांचे जोड. रिफिली. आणि हेअरपिनांची बारा कार्डं.

"मी ह्यांची बायको," ती म्हणाली. "ह्या रुमालांवर तुमच्या दुकानाची चिठ्ठी हाय. शर्टात लपवलेलं पैशे घावले म्हणून ट्रंक उघडली. अण्णा, मला एवढंच सांगा. ह्या पिना कुणासाठी?"

मी म्हणालो, "शालन, तसं काय न्हाई—"

"तुमी थांबा. आणि अण्णा, हे रुमाल परत घ्या. नवेच हाईत."

"बाई," अण्णा दोन्ही हात वर करून म्हणाले, "भवानीच्या आधी माल परत घ्यायचं नाव काढू नका. बसा. सांगतो."

त्यांनी तिला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. भवानीचा नियम, रुमाल, बस्त्याचं गिऱ्हाईक, हाताचा गुण. शालन ऐकत होती, मधूनमधून पिनांच्या कार्डांकडं बघत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "काल ह्यांच्या रुमालानंतर काय विकलं?"

"काल? काल जरा थंडंच होतं."

"परवा?"

अण्णा चष्मा पुसायला लागले.

"बस्त्याचं गिऱ्हाईक किती दिवसांनी आलं परत?"

"आलं न्हाई," अण्णा म्हणाले. मग खालच्या आवाजात, "आलंच न्हवतं, बाई. पहिल्या दिवशीबी."

बारा दिवस मी उजवा हात पुढं करून चाललो होतो.

"मग हे नाटक कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मला दान नको अण्णा. मी भीक मागायला येत न्हाई."

"दान कुठलं आणि भीक कुठली? काच पुसलीस का न्हाई? मग पैशे तुझे. मला रोज द्यायचे होते, रोज तू पायरीवर बसलेला दिसायचास. पण बापाचा नियम. तो मला मोडता येत न्हाई. तू रुमाल मागितलास आणि मला वाट मिळाली." त्यांनी काचेकडं हात केला. "आणि दुसऱ्यांनीबी तुला अडवू नये म्हणून ते हाताच्या गुणाचं उठवलं. ह्या गल्लीत काच पुसायची बंद झाली की लोक म्हणत्यात, हे दुकान गेलं. व्यापारी माल द्यायचा थांबतो. गिऱ्हाईक न्हाई ते न्हाई, निदान उभा तरी दिसलो पाहिजे. मला तुझी गरज हाय, भैरू. तुला ठाऊक न्हवतं एवढंच."

मी मान खाली घातली. राग होता तो कुठं गेला ते कळलं नाही.

शालननं कमरेचा बटवा काढला. "अण्णा, ब्लाऊजपीस दाखवा. हिरवं. बरं असंल ते."

"बाई, उगंच कशाला—"

"उगंच न्हाई. मला पाहिजे. दोन वर्षं झाली घेऊन." तिनं तीन तुकडे बघितले, दोन नाकं मुरडून बाजूला केले, तिसरा घेतला आणि पंचेचाळीस रुपये मोजून दिले. अण्णांनी नोटा कपाळाला लावल्या, फोटोपुढं धरल्या. मग माझ्या हातावर पन्नास ठेवले. तेरा दिवसांत प्रथमच त्या दुकानात खरी भवानी झाली होती.

"तुमच्या हाताला खरंच गुण असंल," अण्णा तिला म्हणाले. "एक विचारू? नागाळा पार्कात आमचं घर हाय. चौदा खिडक्या. दिवाळीपास्नं कुणी हात लावलेला न्हाई. भैरूला कवाच सांगितलं असतं, पण आमच्या मंडळींचा स्वभाव असा, की परक्या गड्याला खोल्यांतनं फिरू देणार न्हाईत."

"बाईमाणूस बरोबर असलं तर?"

"तर काय अडचण हाय?"

"घरात भवानी लागती का पैशे द्यायला?"

अण्णा हसले. "न्हाई. घरात आमच्या मंडळींचा कायदा. काम झालं की रोख."

"मग रविवारी आम्ही दोघं येतो," शालन म्हणाली. मला विचारलं नाही. पिशवीत नाड्या, रिफिली, रुमाल परत भरले, आणि हेअरपिनांचं एक कार्ड फोडून तिथंच दोन पिना केसांत लावल्या.

राहिलेल्या दोन दिवसांत दीडशे झाले का, हे तिनं विचारलंच नाही. पहिल्या दिवशी झाले, दुसऱ्या दिवशी एकशे पस्तीस. मी ते तिच्या हातावर ठेवले. तिनं डब्यात टाकले आणि "उद्या सकाळी लवकर निघू" म्हणाली.

रविवारी विलास घरी गेला, कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारून नागाळा पार्कात आला. मी बाहेरून शिडीवर, शालन आत. काचेला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हात लागला की काम निम्म्या वेळात होतं, हे मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, एकटाच तर होतो. डाग आतला की बाहेरचा यावरच माझा निम्मा दिवस जायचा. वर जायचं, पुसायचं, खाली उतरायचं, आत जाऊन बघायचं. आता ती आतून बोट ठेवायची. डाग तिच्या बाजूचा असला की तीच पुसायची, माझ्या बाजूचा असला की बोट तिथंच ठेवून माझ्याकडं बघायची.

विलास शिडीखाली उभा राहिला. "भावजी, शेट उद्या सकाळी इचारणार. काय सांगू?"

"तिला विचार," मी म्हणालो.

त्यानं हातानं खूण केली. शालननं खिडकी उघडली. तोंडाला फडकं बांधलेलं, केसांत त्या दोन पिना.

"दादा, त्या वखारीत मला काय काम हाय?"

"तुला? तुला कशाला काम? ह्यांना पगार हाय की."

"तेच म्हणतो आम्ही. तिथं एकाला काम. हितं दोघांना हाय. अण्णांच्या मंडळींनी शेजारच्या दोन बंगल्यांत सांगितलंय, बुधवारी तिकडं जायचंय. तुमच्या शेटला सांग, जागा भरून टाक म्हणावं."

"आणि गल्लीतली दुकानं?"

"ती सकाळी. दहाच्या आत दोघं मिळून उरकतो."

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी वायपर झटकला. मला एवढं बरं वाटत होतं की काही बोललो असतो तर वेड्यासारखं बोललो असतो. याला आता बारा वर्षं झाली. मंदी गेली, मग दुसरी आली, तीही गेली. आम्ही दोघं अजून तेच काम करतो. पण मला विचाराल तर माझा धंदा सुरू झाला तो त्या रविवारी. त्याआधी मी नुसत्या काचा पुसत होतो.

विलास म्हणाला, "बरं. मग मी चहा घेऊन निघतो."

"थांब, तीनला आमचं उरकतंय. जेवूनच जा," असं म्हणून शालननं खिडकी लावून घेतली, काचेच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी शिडीची एक पायरी वर चढलो आणि पुसलं.